छातीत दुखत होतं, आम्ही विष शोधलं

मला फार बोलता येत नाही. लॅबमध्ये बोलायची गरजही पडत नाही. बाही वर करा, मूठ आवळा, झालं, कापूस दाबून धरा. एवढ्यावर माझी सगळी नोकरी निघाली, आधी अकोल्यात आणि आता अमरावतीत. पण गेल्या आठवड्यात मी काउंटरवर ओरडलो, आणि ओरडलो ते एका अनोळखी बाईवर. तिने ईसीजीची घडी माझ्यापुढे ठेवली आणि हसून म्हणाली, "यायचा ईसीजी नॉर्मल निघाला भाऊ. म्हणजे हार्टचं टेन्शन नाही न आता? साखर तेवढी पाहून घ्या." मागे बाकावर तिचा नवरा बसला होता. डाव्या हाताचा खांदा चोळत होता आणि त्याच्या कपाळावर, पंख्याखाली बसूनही, घाम होता.

ईसीजी काल संध्याकाळी काढलेला होता. मी म्हणालो, "हा कालचा आहे. काल दुखत नव्हतं तेव्हाचा. तुम्ही कालच्या कागदाला आज काय विचारता?" आवाज इतका चढला की आतून आमच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या माणसाला मी रक्त न घेताच रिक्षात बसवून हृदयाच्या दवाखान्यात पाठवलं. नंतर अर्धा तास मला कुणाची शीर सापडली नाही.

त्या बाईचा काही दोष नव्हता. मी तिच्यावर ओरडलोच नव्हतो. ज्याच्यावर ओरडायचं होतं तो काउंटरच्या अलीकडेच उभा होता. तेच आता सांगतो.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडाबाहेरचा माणूस आमचं गाव विचारायचा आणि उत्तर ऐकून चेहरा पाडायचा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमचे जिल्हे रोज पेपरात असत. बाहेरून गाड्या येत, गाड्यांतून उतरलेले लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून फोटो काढत आणि कपाशीत उभा असलेला कुठलाही माणूस त्यांना आता मरणारच आहे असा दिसे. या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा. फरक एवढाच की तोच चष्मा आमच्याही डोळ्यांवर चढला होता आणि ते आम्हाला कळलं नव्हतं.

दवाखान्यात त्याची एक पद्धत पडून गेली होती. शेतातून माणूस आणला, घामाने चिंब, उलट्या, नाडी मंद, की दारातच पहिला प्रश्न असे, "औषध घेतलं का?" आमच्याकडे औषध म्हणजे फवारायचं औषध. नातेवाईक म्हणत, नाही घेतलं. ते "नाही" कुणी खरं धरत नसे, कारण पोलिसांच्या आणि गावाच्या भीतीने सगळेच नाही म्हणत. होता होता असं झालं की जितकं जोरात "नाही", तितकी डॉक्टरांची आणि सिस्टरांची खात्री पक्की. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कुणी शिकवलंही नव्हतं. नवीन आलेला शिपाईसुद्धा आठवड्याभरात शिकून जाई.

माझा मोठा भाऊ अकोटच्या बाजूला आमची शेती पाहायचा. मी अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि दवाखान्याजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो. त्या वर्षी पोळ्याला गावी गेलो तेव्हा मी वाटणीचा विषय काढला. बायकोचं माहेर अमरावतीचं, तिथे घर घ्यावं असं आमच्या मनात होतं, म्हणून माझा हिस्सा मोकळा करून दे असं मी म्हणालो. दादा बैलांच्या शिंगांना रंग देत होता. त्याने मान वर केली नाही. "घे लेका, तुह्यं तू घे," म्हणाला. "माह्यं काय हाय, मी मरतो अठीच." एवढंच. आमच्याकडे माणूस दिवसातून दहा वेळा मरायच्या गोष्टी करतो. चहा उशिरा आला तरी मरतो. पण ते वाक्य मी अकोल्याला घेऊन आलो.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी लॅबमध्ये निरोप आला की तुमच्या भावाला आणलंय. मी धावत गेलो. दादा खाटेवर आडवा होता. अंगातला सदरा कापून काढून कोपऱ्यात फेकला होता आणि त्याला फवाऱ्याचा तो उग्र वास येत होता, कारण आमचा पाठीवरचा पंप गळका होता. त्याचा प्रत्येक सदरा तसाच वास मारायचा. ओठ पांढरे. एका हाताने तो आपला जबडा धरत होता, जसं दाढ दुखताना धरतात. सिस्टर तो हात पुन्हा पुन्हा खाली करत होती, कारण तिला नाकातून नळी घालायची होती.

वहिनी दारात होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. मला पाहताच ती बोलायला लागली, आणि हळू नाही, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

"भाऊजी, यायनं काई घेतलं नाई. फवारता फवारता खाली बसले. मले म्हने छातीवर गोटा ठेवला का वं कोनं. शिशी म्या सोता पाह्यली, तिच्यातलं पंपात टाकलं तेवढंच कमी हाय. सांगा न यायले, तुमी सांगा."

शिपाई तिला म्हणाला, "बाई, तुमी बाहेर बसा. सगळे असंच म्हनतात."

"सगळ्याईचं मले काय सांगतं? मी माह्या मानसाचं सांगून राह्यली."

जीप चालवून दादाला आणणारे आमच्या धुऱ्याचे शेजारी तिथेच होते, मुसलमान शेतकरी, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते म्हणाले, "रस्ताभर जबडा पकडून होता बेटा. मी म्हटलं दात दुखते का, तं म्हने नाई, अंदरसे दुखता." त्यांना पुढे कुणी काही विचारलं नाही. हवालदार आला होता, त्याने जीपचा नंबर तेवढा विचारला.

तरुण डॉक्टरने मला बाजूला घेतलं. चांगला मुलगा होता, मी त्याला खलनायक करणार नाही. तीस खाटांमागे तो एकटा होता. म्हणाला, "तुम्ही आपल्याच लाइनचे आहात म्हणून स्पष्ट विचारतो. बाई घाबरून नाही म्हणतात, ते ठीक आहे. घरात काही झालं होतं का?"

मी म्हणालो, "हो."

पोळ्याची सगळी गोष्ट मी त्याला सांगितली. वाटणी, माझी मागणी, दादाचं ते वाक्य. सांगताना मला रडू येत होतं आणि लाज वाटते लिहायला, पण त्या रडण्यात एक हलकेपणाही होता. आपल्यामुळे झालं, आपण कबूल केलं. डॉक्टरने खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या कबुलीवर दादाचं निदान पक्कं झालं. मी किती मोठा माणूस. माझ्या एका वाक्याने माझा भाऊ जीव द्यायला निघेल असं मी मानून चाललो होतो, आणि त्याची बायको समोर उभी राहून वेगळंच सांगत होती.

ईसीजी काढलेला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं की मशीन लावली की चूक होत नाही. छातीला, हातापायांना तारा लावल्या की मशीन हृदयाकडे बारा बाजूंनी पाहते. मशीन तेवढंच करते. पुढचं पाहणं माणसाने करायचं. दादाच्या पट्टीवर नाडी मंद होती. विषबाधेतही ती मंद असते, म्हणून डॉक्टरने तेवढं पाहिलं आणि पट्टी खाटेच्या पायथ्याशी अडकवली. हृदयाच्या खालच्या बाजूकडे पाहणाऱ्या तारांमध्ये रेघ जिथे खाली येऊन सपाट व्हायला हवी तिथे ती किंचित वर अडून राहिली होती, हे नंतर दुसऱ्याने दाखवल्यावर आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि हृदयाच्या खालच्या भागाचा झटका नेमका असाच येतो: घाम, उलटी, मंद नाडी. फवाऱ्याच्या विषासारखाच. जबड्यापर्यंत चढणारी कळ तेवढी विषात नसते, पण एका सदऱ्याच्या वासाने आमचं सगळं ठरवून टाकलं.

मग रक्त माझ्याकडे आलं. माझ्या भावाचं रक्त, माझ्या लॅबमध्ये, माझ्या हाताने मशीनमध्ये फिरवून वर आलेलं पिवळं पाणी. तपासणी लिहिली होती कोलिनेस्टरेज. फवाऱ्याचं विष अंगात गेलं की रक्तातला हा पदार्थ घटतो, म्हणून ती तपासणी. मी केली. आकडा आमच्या छापील मर्यादेच्या खाली आला. फार नाही, जरासा. कागदावर त्याच्यापुढे "कमी" असं उमटलं.

आता मी जे सांगतो ते मला त्याही दिवशी माहीत होतं. जो माणूस महिनोन् महिने गळका पंप पाठीवर घेऊन फिरतो, त्याचं कोलिनेस्टरेज तसंही थोडं खालीच असतं. शिवाय या पदार्थाची मर्यादा माणसागणिक इतकी वेगळी की एकाचं चांगलं ते दुसऱ्याचं कमी. दादाचं याआधी कधी तपासलेलंच नव्हतं, मग कमी ते कशापेक्षा कमी? त्या छापील चौकटीला लोक देव मानतात. आकड्यापुढे खूण नसली की पेढे वाटतात, असली की रडतात. ती चौकट कुणाच्यातरी निरोगी माणसांवरून काढलेली असते. तिच्यात आमच्या कपाशीतला माणूस कधी धरलेला असतो का, हे मी आजवर एकाही कंपनीच्या माणसाला विचारून उत्तर मिळवू शकलेलो नाही.

रक्ताच्या नळीत अजून ते पिवळं पाणी शिल्लक होतं. फ्रिजमध्ये ट्रोपोनिनची कार्डं होती. हृदयाचा स्नायू मरायला लागला की त्यातून हा पदार्थ रक्तात झिरपतो. कार्डावर थेंब टाकायचे, एक रेघ कार्ड चांगलं असल्याची, दुसरी उमटली तर हृदयाला इजा. चहा पिऊन होईपर्यंत कळतं. फार लवकर केलं तर दुसरी रेघ येत नाहीही, म्हणून काही तासांनी पुन्हा करायचं असतं. नातेवाईक पहिलं कार्ड कोरं आलं की घरी घेऊन जातात माणसाला, ते वेगळं. कदाचित माझंही कोरंच आलं असतं. पण मी फ्रिज उघडलाच नाही. मालकाची परवानगी लागली असती असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं. मालक नाही म्हणाले नसते. मला शंकाच आली नव्हती. ज्याची बायको दारात ओरडून सांगत होती, त्या माणसाबद्दल त्याच्या सख्ख्या भावाला शंका आली नाही.

दादाला ॲट्रोपिन देत राहिले. विषावर ते लागतं, आणि तोंडाची लाळ, घाम आटेपर्यंत द्यावं लागतं. त्याने मंद नाडी पळायला लागली. म्हणजे जे हृदय रक्तावाचून तडफडत होतं, त्याला आम्ही पळायला लावलं. संध्याकाळपर्यंत त्या इंजेक्शनांनी दादा भ्रमात गेला. चादरीवरून काहीतरी वेचायला लागला, एकेक बोंड तोडावं तसं. वॉर्डात भेटायला आलेला आमच्या गावचा एक माणूस पायाशी उभा राहून म्हणाला, "असं कावून केलं बे तू? पोरीईचा तरी इचार कराचा." दादा वेचत राहिला. भेटीच्या वेळेपुरतं आत सोडलेल्या वहिनीने त्या माणसाची पिशवी उचलून हातात दिली आणि म्हणाली, "निंगा तुमी."

सकाळी फेरीला मोठे डॉक्टर आले. त्यांनी काही विशेष केलं नाही, हे मला जास्त लागतं. दारात बसलेल्या वहिनीजवळ ते थांबले आणि विचारलं, "काय झालं होतं, सुरुवातीपासून सांगा." तिने सांगितलं. तेच शब्द, छातीवरचा गोटा. ते आत गेले, नवा ईसीजी काढला, कालची पट्टी खाटेवरून काढून शेजारी धरली आणि वर अडलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे सीपीके-एमबीची चिठ्ठी आली. सीपीके कुठल्याही स्नायूतून येतं, ओझं उचललं किंवा कुल्ल्यावर इंजेक्शन घेतलं तरी वाढतं. त्यातला एमबी हा हिस्सा मुख्यतः हृदयाचा. दोन्ही आकडे इतके वर होते की मशीनने मोजायलाच नकार दिला. रक्त पातळ करून पुन्हा करावं लागलं.

रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते पहिल्या काही तासांत द्यायचं. ते तास आम्ही दादाचं पोट धुण्यात घालवले होते.

तो वाचला. हवालदाराने आपले कागद कसे मिटवले मला माहीत नाही, पण गावाने काही मिटवलं नाही. "झटक्याचं म्हनून दाबलं त्यायनं," असं दोन वर्षांनीही पारावर चालायचं. दादाला दोनदा समुपदेशनाच्या शिबिराला बोलावलं. तिथून तो एक चादर घेऊन आला. धाकट्या पोरीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी चाचांना गाठून विचारलं, "बापाचं डोकं ठिकान्यावर हाय न?" चाचांनी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. सोयरीक झाली.

पुढे मी अमरावतीला आलो. वाटणीचा विषय मी पुन्हा काढला नाही, दादानेच एक तुकडा माझ्या नावावर केला. तपासणीसाठी दोघं माझ्याकडे येऊन राहायचे. पहिल्याच खेपेला मी म्हणालो, "रक्त घरीच घेतो सकाळी, उपाशीपोटी." वहिनी पोळी लाटत होती. म्हणाली, "नको भाऊजी. दुसरीकळे दाखवू आमी." बस. तेव्हापासून दादाचं रक्त मी काम करतो त्या लॅबच्या दारावरून पुढच्या गल्लीतल्या लॅबमध्ये जायचं. वहिनी बसस्टँडकडून मुद्दाम लांबून वळत नसे, दादाला समोरूनच न्यायची. तिचं बरोबर होतं, आणि मी एकदाही तिला तसं म्हणालो नाही.

दादाशी हे सगळं बोललो ते गेल्या वर्षी. दादाची टू-डी एको झाली होती. त्यात आवाजाच्या लहरींनी हृदय हलताना दिसतं, आणि प्रत्येक ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते मोजतात. चांगल्या हृदयात निम्म्याहून जास्त. दादाचं तिशीच्याही खाली आलं होतं. पाय सुजले होते, दोन उशा घेऊन झोपायचा. दवाखान्याच्या बाहेर रसवंतीवर बसलो. त्याने कागद माझ्यापुढे केला.

"हे अठ्ठावीस म्हनजे काय बे? पास का नापास?"

"नापास," मी म्हणालो.

"पह्यलेपासूनच इतकं होतं?"

तिथे मला थांबता आलं असतं. मी त्याला सांगितलं. डॉक्टरला काय सांगितलं ते, नळीतलं उरलेलं पाणी, न उघडलेला फ्रिज. पोळ्याचं त्याचं वाक्य मी त्याला म्हणून दाखवलं. त्याला ते आठवतही नव्हतं.

त्याने रसाचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, "येवळं महागाचं औषध मी पेऊन टाकीन? अर्ध्या वावराची फवारनी बाकी होती. तुले माहा सभाव ठाऊक नाही, भाऊ कायचा तू?" आणि हसला. हसताना त्याला खोकला आला, पाठ चोळावी लागली. खोकला थांबल्यावर हसू राहिलं नव्हतं.

"तुही वहिनी तं सांगून राह्यली होती न तुले?"

"हो."

"तिचं तरी आयकाचं." मग कागदाची घडी करत म्हणाला, "मले सांगून काय फायदा, मी तं बेसुद होतो. तिले सांग."

तो डिसेंबरात गेला. झोपेतच, गावी. त्याच्यामागे कुणी विचारलं नाही की औषध घेतलं का, कारण ती वर्षं सरली होती. आता बाहेरचे लोक दुसरीकडचे फोटो काढतात.

मी वहिनीला सांगायला गेलो ते तेरवी होऊन पाहुणे पांगल्यावर. ती ओसरीत तूर निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. दादाने सांगायला सांगितलं हेही. तिचा हात सुपात फिरत होता, मध्ये एकदाही थांबला नाही. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "वहिनी, मला माफ..."

"माफी-गिफी मले येत नाई," ती म्हणाली. "मले येवळंच सांगा. मी तवा दारातून बोलून राह्यली होती. तुमाले आयकू येत होतं का नाई?"

"येत होतं. सगळं."

तिने सूप खाली ठेवलं.

"मंग ठीक हाय," म्हणाली. "मले इतके वर्स वाटे, मीच हळू बोलली."